नियम कुठे लिहिला होता? : विली ओरी आणि बर्फावरची रंगरेषा

भेदभावाबद्दल बोलायला लागले की समोरून एक प्रश्न ठरलेला असतो : नियम दाखवा. कुठल्या कायद्यात, कुठल्या ठरावात, कुठल्या फलकावर लिहिले आहे की अमुक माणसांना प्रवेश नाही? लिहिलेले सापडले नाही की प्रश्न विचारणारा विजयी मुद्रेने सांगतो, मग दार उघडेच होते. तुम्हीच आला नाहीत, किंवा तुमची तेवढी पात्रता नव्हती. हा युक्तिवाद आपल्याला नवा नाही. पण तो फक्त आपल्याकडचाही नाही. या लेखात आम्ही तो एका अशा खेळाच्या इतिहासावर तपासून पाहणार आहोत, जो आपल्याकडे फारसा कुणी पाहत नाही : कॅनडा आणि अमेरिकेतील आइस हॉकी. आणि एका अशा खेळाडूच्या आयुष्यातून, ज्यांच्या नावावर त्या खेळाच्या सर्वोच्च लीगमध्ये फक्त ४५ सामने आणि ४ गोल आहेत. त्यांचे नाव विली ओरी.

१८ जानेवारी १९५८ रोजी मॉन्ट्रियल शहरातील 'फोरम' या क्रीडागृहात बोस्टन ब्रुइन्स संघाकडून २२ वर्षांचे ओरी बर्फावर उतरले. नॅशनल हॉकी लीग, म्हणजे एनएचएल, १९१७ साली स्थापन झाली होती. चाळीस वर्षांत त्या लीगमध्ये खेळलेले ते पहिले कृष्णवर्णीय खेळाडू ठरले. बोस्टनने सामना ३-० असा जिंकला. आपण इतिहास घडवला हे आपल्याला दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्र वाचून कळले, असे ओरी यांनी पुढे सांगितले आहे. इतक्या शांतपणे ही घटना घडली. ती शांतता नेमकी कशाची होती, हे समजून घेणे हाच या लेखाचा हेतू आहे.

बर्फ कुणाचा?

कृष्णवर्णीय माणसे मुळात उष्ण प्रदेशातली, त्यांना बर्फावरचा खेळ कसा जमणार, असे बोलणारे तेव्हाही होते आणि आजही आहेत. इतिहास याच्या नेमका उलट आहे. कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावर, नोव्हा स्कोशिया आणि न्यू ब्रन्सविक प्रांतांत, अठराव्या शतकापासून कृष्णवर्णीय वस्त्या आहेत. कुणी अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात ब्रिटिशांच्या बाजूने लढून आले, कुणी १८१२ च्या युद्धानंतर आले, कुणी गुलामगिरीतून पळून आले. या लोकांनी १८९५ साली हॅलिफॅक्स शहरात स्वतःची हॉकी लीग सुरू केली. एनएचएल जन्माला यायला तेव्हा २२ वर्षे अवकाश होता. कृष्णवर्णीयांच्या बॅप्टिस्ट चर्चनी तरुणांना जोडून घेण्यासाठी ही लीग उभी केली. हॅलिफॅक्स युरेकाज, आफ्रिकव्हिल सी-साइड्स, डार्टमथ ज्युबिलीज, ट्रुरो व्हिक्टोरियाज, अ‍ॅमहर्स्ट रॉयल्स ही त्यातील संघांची नावे. बर्फाची मैदाने गोऱ्या संघांच्या हातची मोकळी झाली की मग यांच्या वाट्याला येत. तरीही सामन्यांना गर्दी होत असे. गोलरक्षकाने बर्फावर लोळण घेऊन चेंडू अडवणे, स्टिक मागे उंच नेऊन जोरदार फटका मारणे या आजच्या हॉकीतील गोष्टी या लीगमध्ये आधी दिसल्या, असे काही संशोधक मांडतात. तिथे चेंडू म्हणजे रबराची चपटी, कठीण चकती. तिला पक म्हणतात.

या लीगचे पुढे काय झाले? ती विसरली गेली. तिच्या एका संघाचे गाव आफ्रिकव्हिल. १९६० च्या दशकात हॅलिफॅक्स महापालिकेने हे संपूर्ण गाव, त्याच्या चर्चसकट, बुलडोझर लावून उठवले. महापालिकेने त्याबद्दल माफी मागितली ती २०१० साली. लीगच्या नावाने टपाल तिकीट निघाले २०२० साली. ज्यांचा इतिहास पुसला जातो त्यांनाच पुढे विचारले जाते, तुमचा या क्षेत्राशी संबंधच काय?

विली ओरी यांचा जन्म १५ ऑक्टोबर १९३५ चा, न्यू ब्रन्सविकची राजधानी फ्रेडरिक्टन इथला. त्यांचे पूर्वज अमेरिकेच्या दक्षिणेतील गुलामगिरीतून निसटून कॅनडात आले होते. मोठ्या कुटुंबातले हे शेंडेफळ. शहरात कृष्णवर्णीय कुटुंबे दोनच. हिवाळ्यात घराच्या मागच्या अंगणात वडील पाणी शिंपून बर्फ करायचे आणि मुले त्यावर घसरायला शिकायची. विली तीन वर्षांचे असताना पायात स्केट्स आल्या, पाचव्या वर्षी ते संघातून खेळू लागले. सोबतची मुले गोरी होती. शेजारही गोऱ्यांचाच होता. फ्रेडरिक्टनमध्ये 'फक्त गोऱ्यांसाठी' असा फलक कुठेही लावलेला नव्हता.

फलक असलेला देश आणि नसलेला देश

ओरी तरुणपणी हॉकीइतकेच बेसबॉलही चांगले खेळत. १९४९ साली त्यांच्या स्थानिक बेसबॉल संघाला विजयाचे बक्षीस म्हणून न्यूयॉर्कची सहल मिळाली. तिथे ब्रुकलिन डॉजर्सच्या मैदानावर त्यांची भेट जॅकी रॉबिन्सन यांच्याशी झाली. दोनच वर्षांपूर्वी, १९४७ मध्ये, रॉबिन्सन यांनी अमेरिकेच्या प्रमुख बेसबॉल लीगमधील रंगभेदाची भिंत फोडली होती. मी बेसबॉलही खेळतो आणि हॉकीही, असे या मुलाने त्यांना सांगितले. हॉकीत कृष्णवर्णीय मुले असतात हे रॉबिन्सन यांना ठाऊक नव्हते. असतात, थोडी असतात, असे उत्तर ओरी यांनी दिले. पुढे १९६२ साली लॉस एंजेलिसमध्ये एका कार्यक्रमात दोघे पुन्हा भेटले तेव्हा रॉबिन्सन यांना ब्रुकलिनमधला तो मुलगा आठवत होता.

१९५६ मध्ये एका अमेरिकन बेसबॉल संघाने ओरी यांना जॉर्जिया राज्यातील सराव शिबिराला बोलावले. विमानतळावर उतरताच त्यांना पहिल्यांदा ते फलक दिसले : गोऱ्यांचे स्वच्छतागृह वेगळे, काळ्यांचे वेगळे. राहायची सोय वेगळी, खाण्याची जागा वेगळी. निवड झाली नाही आणि त्यांना बसने परत पाठवण्यात आले. दक्षिणेत असताना बसमध्ये शेवटच्या बाकावर बसावे लागले. बस जशी उत्तरेकडे सरकत गेली तसे ते एकेक बाक पुढे येत गेले. घरी पोचले तेव्हा बेसबॉलचा विषय त्यांनी कायमचा बंद केला होता.

इथे थांबून एक गोष्ट नीट पाहायला हवी. जॉर्जियात भेदभाव फलकावर लिहिलेला होता. कॅनडात तो लिहिलेला नव्हता, म्हणून कॅनडा स्वतःला निर्दोष समजत होता. पण ज्या फोरममध्ये ओरी यांनी १९५८ साली पहिला सामना खेळला, त्याच फोरमच्या आवारात एक मद्यालय होते, यॉर्क टॅव्हर्न. जुलै १९३६ मध्ये फ्रेड क्रिस्टी हे कृष्णवर्णीय गृहस्थ मित्रांसोबत तिथे बिअर प्यायला गेले. ते फोरममधल्या हॉकी सामन्यांचे हंगामी तिकीट काढणारे प्रेक्षक होते. काळ्यांना आम्ही देत नाही, असे त्यांना सांगण्यात आले. क्रिस्टी न्यायालयात गेले. खालच्या न्यायालयाने २५ डॉलरची भरपाई मंजूर केली. प्रकरण कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचले आणि डिसेंबर १९३९ मध्ये त्या न्यायालयाने निकाल दिला : कुणाशी व्यवहार करावा आणि कुणाशी करू नये याचे व्यापाऱ्याला स्वातंत्र्य आहे. क्रिस्टी हरले.

दुसरे उदाहरण नोव्हा स्कोशियाचे. १९४६ मध्ये न्यू ग्लासगो गावातील चित्रपटगृहात व्हायोला डेस्मंड या कृष्णवर्णीय व्यावसायिक स्त्री खालच्या मजल्यावर बसल्या. तिथे काळ्यांना बसू देत नसत. त्यांना ओढून बाहेर काढले, रात्रभर कोठडीत ठेवले. पण खटला कशाचा भरला? वर्णभेदाचा कायदाच नव्हता, त्यामुळे वर्णाचा उल्लेखही नाही. खालच्या आणि वरच्या मजल्याच्या तिकिटावरील करमणूक कराच्या फरकाचा, एका सेंटचा! या एका सेंटसाठी त्यांना दोषी ठरवण्यात आले. आज कॅनडाच्या दहा डॉलरच्या नोटेवर त्यांचे चित्र आहे.

याला आम्ही न लिहिलेला नियम म्हणतो. लिहिलेल्या नियमाविरुद्ध निदान मोर्चा काढता येतो, याचिका करता येते, फलक उखडून टाकता येतो. न लिहिलेला नियम 'मालकाचे स्वातंत्र्य', 'प्रशिक्षकाची पसंती', 'प्रेक्षकांना काय वाटेल' अशा सभ्य शब्दांत लपून बसतो.

एक डोळा आणि दोन नियम

एनएचएलचा एक नियम मात्र खरोखर लिहिलेला होता : एका डोळ्याने अंध असलेला खेळाडू लीगमध्ये खेळू शकणार नाही. ओरी यांच्या आयुष्यात हे दोन्ही नियम एकत्र आले.

१९५५-५६ च्या हंगामात ते ओंटारिओ प्रांतातील किचनर शहराच्या कनिष्ठ संघाकडून खेळत होते. गोलसमोरच्या झटापटीत एका जोरदार फटक्याचा पक थेट त्यांच्या चेहऱ्यावर आदळला. नाक मोडले, गालाचे हाड मोडले आणि उजव्या डोळ्याचा पडदा फाटला. त्या डोळ्याची दृष्टी जवळजवळ सगळी गेली. डॉक्टरांनी सांगितले, यापुढे हॉकी नाही. ओरी तेव्हा वीस वर्षांचे होते. सुमारे दोन महिन्यांत ते पुन्हा बर्फावर होते. ही गोष्ट त्यांनी घरच्यांपैकी एका बहिणीला सांगितली आणि गुप्त ठेवायला लावली. आईवडिलांना सांगितले नाही, संघाला तर नाहीच.

याचा अर्थ खेळाच्या भाषेत काय होतो? ओरी डाव्या फळीत खेळत. डाव्या कडेने धावणाऱ्या खेळाडूकडे पक येतो तो मैदानाच्या मधून, म्हणजे त्याच्या उजव्या हाताकडून. प्रतिस्पर्धीही त्याच बाजूने अंगावर येतात, आणि या खेळात अंगाला धडक देणे नियमात बसते. ओरी यांचा निकामी डोळा नेमका उजवा. दर वेळी पूर्ण मान वळवून, खांद्यावरून मागे पाहत डाव्या डोळ्याने पक शोधायचा आणि तेवढ्यात समोरून येणारी धडकही चुकवायची. ते वेगवान होते म्हणून हे निभले. १९५६ च्या हंगामात ते क्युबेक एसेस या व्यावसायिक संघात दाखल झाले आणि पहिल्याच हंगामात तो संघ विजेता ठरला. १९५७ मध्ये बोस्टनने त्यांना सराव शिबिराला बोलावले. सोबत क्युबेकमधलेच त्यांचे कृष्णवर्णीय सहकारी स्टॅन मॅक्सवेल होते, ट्रुरो गावचे, जिथला संघ अर्धशतकापूर्वी कृष्णवर्णीयांच्या लीगमध्ये खेळत असे. मॅक्सवेल एनएचएलचा एकही सामना खेळू शकले नाहीत. ओरी यांना जानेवारी १९५८ मध्ये एका जखमी खेळाडूच्या जागी दोन सामन्यांसाठी बोलावणे आले.

आता दोन्ही नियम शेजारी ठेवून पाहा. लिहिलेला नियम ओरी यांनी फक्त गप्प राहून वीसहून अधिक वर्षे ओलांडला. डोळा लपवता येत होता. न लिहिलेला नियम ओलांडायला मात्र गप्प राहून चालणार नव्हते, कारण कातडी लपवता येत नाही. कागदावरचा नियम ढिला आणि कागदाबाहेरचा नियम घट्ट. 'नियम दाखवा' म्हणणाऱ्यांनी याचे उत्तर द्यावे.

त्रेचाळीस सामने

१९६०-६१ च्या हंगामात ओरी यांना बोस्टनकडून ४३ सामने मिळाले. १ जानेवारी १९६१ रोजी बोस्टनमध्ये मॉन्ट्रियलविरुद्ध त्यांनी आपला पहिला गोल केला आणि संघ ३-२ ने जिंकला. प्रेक्षकांनी उभे राहून दाद दिली. हे तेच बोस्टन शहर, जिथला रेड सॉक्स हा बेसबॉल संघ कृष्णवर्णीय खेळाडू घेणारा प्रमुख लीगमधील सर्वांत शेवटचा संघ ठरला, तोही १९५९ च्या जुलैत, ओरी यांच्या पदार्पणानंतर दीड वर्षाने. बोस्टनचे सहकारी, प्रशिक्षक आणि प्रेक्षक यांच्याबद्दल ओरी नेहमी कृतज्ञतेने बोलले आहेत, हेही नोंदवले पाहिजे.

बाहेरच्या मैदानांवर चित्र वेगळे होते. टोरंटो आणि मॉन्ट्रियलपेक्षा शिकागो आणि डेट्रॉइटमध्ये फार त्रास झाला, असे ते सांगतात. प्रेक्षकांतून जातिवाचक शिवी द्यावी तशी वर्णवाचक शिवी यायची. शिकागोत एका प्रतिस्पर्ध्याने ती शिवी देत स्टिकचे टोक त्यांच्या तोंडावर मारले. पुढचे दोन दात पडले. ओरी यांनी आपली स्टिक त्याच्या डोक्यात घातली आणि मैदानावर मोठी मारामारी झाली. पुढे ते सांगत की शिवीसाठी आपण कधीच हात उचलला नाही. मारले तेव्हाच मारले. त्यांच्या सहनशीलतेचे कौतुक करणारे पुष्कळ लेख आहेत. आम्हाला त्या कौतुकाची थोडी भीती वाटते. ज्याच्यावर अन्याय होतो त्याच्याकडूनच संयमाची परीक्षा घ्यायची आणि तो उत्तीर्ण झाला की टाळ्या वाजवायच्या, यात शिवी देणाऱ्याची परीक्षा राहूनच जाते.

हंगाम संपताना संघाच्या वरिष्ठांनी पुढच्या वर्षी तू आमच्यात असशील असे सांगितले होते, असे ओरी यांनी नमूद केले आहे. काही आठवड्यांतच त्यांची मॉन्ट्रियलला अदलाबदल झाली. मॉन्ट्रियल त्या काळचा सर्वांत बलाढ्य संघ, १९५६ ते १९६० सलग पाच वेळा स्टॅन्ली चषक जिंकलेला. तिथे जागा मिळणे अवघडच. त्यांना दुय्यम संघात पाठवले आणि १९६१ संपण्याआधीच लॉस एंजेलिस ब्लेड्स या पश्चिम किनाऱ्यावरच्या संघाला विकून टाकले. एनएचएलमधील कारकीर्द पंचविसाव्या-सव्विसाव्या वर्षी संपली. एकूण ४५ सामने, ४ गोल, १० साहाय्य.

पण खेळाडू संपला नव्हता. लॉस एंजेलिसमध्ये प्रशिक्षकाने त्यांना डावीकडून उजव्या फळीत हलवले. आता पक डावीकडून येऊ लागला, म्हणजे चांगल्या डोळ्याच्या बाजूने. १९६४-६५ मध्ये त्यांनी ३८ गोल केले. १९६७ पासून ते सॅन डिएगो गल्सकडे गेले आणि १९६८-६९ मध्ये पुन्हा ३८ गोल केले. शेवटचा व्यावसायिक हंगाम १९७८-७९ चा, वय ४३. एका डोळ्यावर.

'गुणवत्ता नसेल' या म्हणण्याचे काय?

इथे विरोधी बाजू प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. त्या काळी एनएचएलमध्ये फक्त सहा संघ होते. सगळ्या मिळून शंभर-सव्वाशे जागा. शेकडो चांगले गोरे खेळाडूही दुय्यम लीगमध्येच आयुष्यभर खेळले. शिवाय ओरी एका डोळ्याने अंध होते. कॅनडाची कृष्णवर्णीय लोकसंख्या तेव्हा अर्धा टक्काही नव्हती. मग एका खेळाडूला जागा मिळाली नाही, यात वर्णभेद कसा सिद्ध होतो?

एकट्या ओरी यांच्या उदाहरणाने तो सिद्ध होत नाही, हे मान्य. व्यवस्था एका माणसात दिसत नाही; ती रांगेत दिसते. म्हणून रांग पाहू.

हर्ब कार्नेगी, जन्म टोरंटो, १९१९, आईवडील जमैकाचे. १९४० च्या दशकात भाऊ ऑसी आणि फ्रेडरिक्टन परिसरातलेच मॅनी मॅकिन्टायर यांच्यासह त्यांची तिघांची आघाडीची फळी क्युबेकमध्ये गाजत होती. १९४६, १९४७ आणि १९४८ अशी सलग तीन वर्षे कार्नेगी आपल्या लीगचे सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरले. पुढे मॉन्ट्रियलचे महान खेळाडू झालेले जाँ बेलिव्हो तरुणपणी क्युबेक एसेसमध्ये त्यांच्या सोबत खेळले आणि त्यांनी कार्नेगींच्या खेळाची कायम स्तुती केली. या कार्नेगींना एनएचएलचा एकही सामना मिळाला नाही. १९४८ मध्ये न्यूयॉर्क रेंजर्सने चाचणीला बोलावले आणि खालच्या दर्जाच्या संघात, क्युबेकमध्ये मिळत होते त्याहून कमी पैशांत खेळण्याचा प्रस्ताव दिला. घरी बायको-मुले होती. त्यांनी नकार दिला. अठराव्या वर्षी आपल्याला प्रशिक्षकाने सांगितले होते की टोरंटो संघाचे मालक कॉन स्माइथ तुला उद्या घेतील, फक्त तू गोरा असायला हवास, असे कार्नेगी आयुष्यभर सांगत राहिले. ते ऐकले तेव्हा काय तुटले हेही सांगत राहिले.

त्याच १९४८ च्या मार्चमध्ये त्याच रेंजर्सनी लॅरी क्वाँग या चिनी वंशाच्या कॅनडियन खेळाडूला एनएचएलमध्ये उतरवले. मॉन्ट्रियलच्या फोरममध्येच. संपूर्ण सामना बाकावर बसवून शेवटी जेमतेम मिनिटभर बर्फावर सोडले. तो एक मिनिट म्हणजे त्यांची एनएचएलमधील पूर्ण कारकीर्द. १९५१ मध्ये हेच क्वाँग क्युबेकच्या वरिष्ठ लीगचे सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरले. १९५० मध्ये ट्रुरोच्या आर्ट डॉरिंग्टन या कृष्णवर्णीय खेळाडूशी रेंजर्सनी करार केला. तेही दुय्यम संघांतच राहिले.

आणि ओरी यांच्यानंतर? बेसबॉलमध्ये रॉबिन्सन एप्रिल १९४७ मध्ये आले आणि जुलै १९४७ मध्ये लॅरी डोबी आले. तीन महिन्यांत दुसरा. हॉकीत दुसरे कृष्णवर्णीय खेळाडू माइक मार्सन १९७४ साली वॉशिंग्टनकडून खेळले. सोळा वर्षांनी! या मधल्या काळात एनएचएल सहा संघांवरून १९६७ मध्ये बारा आणि १९७४ पर्यंत अठरा संघांवर गेली होती. जागा तिप्पट झाल्या. १९६८-६९ मध्ये ३८ गोल करणारे ओरी सॅन डिएगोत खेळत होते. एनएचएलकडून कुणी त्यांना बोलावले नाही. १९७२ मध्ये एनएचएलला स्पर्धा म्हणून दुसरी लीग सुरू झाली, तेव्हा अ‍ॅमहर्स्टमध्ये जन्मलेल्या आल्टन व्हाइट या कृष्णवर्णीय खेळाडूला तिथे पहिल्याच वर्षी जागा मिळाली. म्हणजे खेळाडू होते. पारखणारी नजर एका ठरावीक दिशेलाच पाहत होती.

यात वयाचा, अंध डोळ्याचा, नशिबाचा वाटा किती आणि वर्णाचा किती, हे प्रत्येक खेळाडूच्या बाबतीत वेगळे असेल. पण दर वेळी, दर खेळाडूच्या बाबतीत काही ना काही 'कारण' निघते आणि निकाल मात्र एकच लागतो, तेव्हा त्या कारणांची नव्हे तर त्या निकालाची चौकशी करायची असते.

'पहिला' म्हणून गौरव

खेळ सोडल्यावर ओरी सॅन डिएगोजवळच्या एका हॉटेलात सुरक्षा विभागात नोकरी करत होते. १९९० च्या दशकाच्या मध्यापर्यंत लीगला त्यांची फारशी आठवण नव्हती. १९९८ मध्ये एनएचएलने वंचित मुलांपर्यंत हॉकी पोचवण्याच्या कार्यक्रमाची जबाबदारी त्यांच्यावर दिली. तेव्हा ते ६२ वर्षांचे होते. त्यानंतर वीसहून अधिक वर्षे ते शहराशहरांतून शाळांत, वस्त्यांत, रिंकवर फिरले आणि हजारो मुलांना भेटले. वस्तीत मुलांसोबत काम करणारे आम्ही जाणतो की हे काम किती चिकाटीचे असते आणि त्यात टाळ्या किती कमी असतात. आमच्या मते ओरी यांच्या आयुष्यातील सर्वांत मोठे काम हे आहे.

सन्मानही आले. २००८ मध्ये ऑर्डर ऑफ कॅनडा. फ्रेडरिक्टनच्या क्रीडासंकुलाला त्यांचे नाव. २०१८ मध्ये हॉकी हॉल ऑफ फेम. १८ जानेवारी २०२२ रोजी, पदार्पणाला ६४ वर्षे झाली त्या दिवशी, बोस्टनने त्यांचा २२ क्रमांक सन्मानाने निवृत्त केला. त्याच महिन्यात अमेरिकन काँग्रेसचे सुवर्णपदक देण्याच्या कायद्यावर राष्ट्राध्यक्षांची सही झाली.

या सन्मानांचा आम्हाला आनंद आहे. पण त्यातली एक नोंद बारकाईने वाचण्यासारखी आहे. हॉकी हॉल ऑफ फेममध्ये ओरी यांचा समावेश 'खेळाडू' या विभागात नाही. तो आहे 'उभारणी करणारे' या विभागात. हर्ब कार्नेगी यांनाही २०२२ मध्ये त्याच विभागात घेतले गेले, कारण त्यांनी १९५५ मध्ये मुलांसाठी हॉकी प्रशिक्षण शाळा काढली होती. कार्नेगी २०१२ मध्येच वारले होते. संस्थेचे म्हणणे तांत्रिकदृष्ट्या बरोबर असेल : ४५ सामन्यांवर किंवा शून्य सामन्यांवर खेळाडू म्हणून कसे घेणार? पण सामने ४५ आणि शून्य का राहिले? आधी खेळू द्यायचे नाही, मग खेळाची आकडेवारी नाही म्हणून खेळाडूंच्या रांगेत बसवायचे नाही, आणि शेवटी समाजसेवक म्हणून हार घालायचा. न लिहिलेल्या नियमाचा हा शेवटचा डाव असतो. तो आपले पुरावेही उरू देत नाही.

'पहिला' या शब्दाचेही असेच आहे. 'पहिला कृष्णवर्णीय खेळाडू' म्हटले की सगळे लक्ष आत आलेल्या माणसाकडे जाते. दार लावून बसलेल्यांकडे जात नाही. १९१७ ते १९५८ ही एकेचाळीस वर्षे कुणी सांभाळली, १९६१ ते १९७४ ही तेरा वर्षे दार पुन्हा कुणी ओढून घेतले, त्यांची नावे कुठल्याच समारंभात वाचली जात नाहीत. उलट 'पहिल्या'चा सत्कार त्यांनाच निर्दोष करून टाकतो : पाहा, आम्ही घेतले होते की.

काळ बदलला, हे खरे. गोलरक्षक ग्रँट फ्यूर यांनी १९८४ मध्ये एडमंटनसोबत स्टॅन्ली चषक जिंकला आणि २००३ मध्ये ते हॉल ऑफ फेममध्ये गेले, खेळाडू म्हणून. आज अनेक कृष्णवर्णीय खेळाडू एनएचएलमध्ये आहेत. पण २०१९ मध्ये अकीम अलिऊ या खेळाडूने दहा वर्षांपूर्वी प्रशिक्षकाने दिलेल्या वर्णवाचक शिव्या उघड केल्या, तेव्हा कुठे त्या प्रशिक्षकाला राजीनामा द्यावा लागला. तोपर्यंत बढती मिळत मिळत तो एनएचएलमधील मुख्य प्रशिक्षक झाला होता. अलिऊ मात्र एनएचएलमध्ये मोजकेच सामने खेळू शकले. २०२२ मध्ये एनएचएलने आपल्या आणि संघांच्या कर्मचाऱ्यांची प्रथमच वांशिक मोजणी प्रसिद्ध केली. सुमारे ८४ टक्के गोरे. मैदानावर कोण उतरणार हे ठरवणाऱ्या खोल्यांत कोण बसते, हे त्या आकड्यावरून कळते.

तरीही त्या मोजणीचे आम्ही स्वागत करतो. न लिहिलेल्या नियमाविरुद्ध एकच उपाय आहे : मोजणे आणि लिहून ठेवणे. कोण आत आहे, कोण बाहेर आहे, किती वर्षे बाहेर आहे, आणि प्रत्येक वेळी काय कारण सांगितले गेले, याची नोंद. कृष्णवर्णीयांच्या लीगची नोंद शंभर वर्षांनी कुणी शोधून काढली म्हणून ती आज आपल्याला माहीत आहे. कार्नेगींनी आपली कहाणी स्वतः लिहिली म्हणून ती राहिली. ओरी यांनी डोळ्याचे गुपित शेवटी उघड केले म्हणून आपण दोन नियमांची तुलना करू शकतो.

तेव्हा यापुढे कुणी 'नियम दाखवा' म्हणाले तर त्यांना कागद शोधून देण्याच्या भानगडीत पडू नका. त्यांना वर्षे मोजायला सांगा. पहिला कधी आला आणि दुसरा कधी आला, एवढेच विचारा. मधली सोळा वर्षे हाच तो नियम.